पोलो जीटी टीएसआय: रोजचं चाकण, शनिवारचा ताम्हिणी. शॉकअप आणि स्प्रिंग कोणते घ्यावेत?

वाकड_ते_चाकण

नमस्कार मंडळी,

गाडी २०१७ ची पोलो जीटी टीएसआय, १.२ लिटर, सात गिअरची डीएसजी (ऑटोमॅटिक). मूळचे १०५ पीएस, आता रीमॅप केलेली, म्हणजे इंजिनचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवलेली. मीटर ८० हजारांच्या आसपास. रोज वाकडहून तळवड्यातून चाकण एमआयडीसी आणि परत. जमेल त्या शनिवारी पहाटे पौड, मुळशी, ताम्हिणी उतरून माणगावपर्यंत. ही गाडी मला मनापासून आवडते. पोलो बंद झाल्यावर ती विकून दुसरं काही घ्यावं असं एकदाही वाटलं नाही, त्यामुळे जे करायचं ते नीट करायचं आहे.

दुखणं असं: एक्सप्रेसवेवर शंभरला पूल आला की पुढचा भाग वर उचलला जातो आणि खाली येऊन पुन्हा एकदा डोलतो. ब्रेक दाबला की नाक खाली जातं. ताम्हिणीत वळणाच्या मधोमध खड्डा आला तर मागचं चाक बाजूला उडी मारतं. पुढच्या उजव्या शॉकअपवर तेल उतरलंय, तेव्हा बदलायचे आहेतच.

सल्ले तीन मिळालेत. गॅरेजवाला म्हणतो, आहेत तसेच ओरिजिनल टाका. ऑफिसमधला मित्र म्हणतो, फक्त ३५ मिलिमीटरने खाली बसवणाऱ्या स्प्रिंग टाक, शॉकअप अजून वर्षभर चालतील. आणि एका मॉडिफिकेशनच्या दुकानात ३२ क्लिकवाले (कडकपणा ३२ पायऱ्यांत बदलता येणारे) कॉइलओव्हर दाखवले, म्हणजे शॉकअप आणि स्प्रिंगचा उंची बदलता येणारा संच, किंमतही परवडणारी.

अडचण अशी की आईला कमरेचा त्रास आहे आणि ती दर महिन्याला मागच्या सीटवर बसून ठाण्याला जाते. सोसायटीच्या गेटवरचा स्पीडब्रेकर म्हणजे सिमेंटचा उभा बांध आहे. टायर सध्या १९५/५५ आर१६. १७ इंची अलॉयचाही विचार चालू आहे. बजेट मजुरीसकट लाखाच्या आत. ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी सांगा.

---

सांगलीकर

दादा, कॉइलओव्हर म्हटलं की गाडी जमिनीला घासणार असं धरून चालू नका. माझ्या व्हेंटोत स्टेनलेस बॉडीचे केडब्ल्यू कंपनीचे कॉइलओव्हर आहेत, व्हेरिएंट १. उंची मूळपेक्षा जेमतेम बोटभर कमी ठेवलीय. गाडी रस्त्याला धरून चालते आणि चार माणसं बसवून कोल्हापूरला जाताना कुणी तक्रार करत नाही.

दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. आमच्याकडे ऊसाचा सीझन सुरू झाला की ट्रॉल्यांनी रस्त्यावर चिखल आणलेला असतो, तो उंची बदलायच्या आट्यांमध्ये जाऊन वाळतो. पावसाळ्यानंतर चाकं काढून ब्रशने आटे साफ करावेच लागतात, नाहीतर ज्या उंचीसाठी पैसे दिले ती पुन्हा बदलता येत नाही. दुसरं, ते ३२ क्लिक. क्लिक किती आहेत यावर जाऊ नका. पहिल्या आणि शेवटच्या क्लिकमध्ये फरक किती पडतो, आणि डाव्या-उजव्या शॉकअपमध्ये तो सारखा पडतो का, हे विचारा. दुकानदाराकडे त्याचा आलेख नसेल तर पुढे बोलू नका.

तुमच्या बजेटमध्ये चांगले कॉइलओव्हर बसत नाहीत असं माझं मत आहे. स्वस्तातले घेण्यापेक्षा चांगले साधे शॉकअप बरे.

---

रिगवरची

मी चाकणलाच शॉकअपच्या चाचणीचं काम करते, त्यामुळे हा प्रश्न वाचून राहवलं नाही. थोडं लांब लिहिते.

आधी मित्राच्या सल्ल्याबद्दल, कारण तो सगळ्यात जास्त दिला जातो आणि सगळ्यात जास्त गाड्या त्यानेच बिघडतात. हिशेब करून बघा. पोलोच्या पुढच्या एका चाकावर स्प्रिंगच्या वर असलेलं वजन साधारण ३०० किलो धरू, आणि स्प्रिंग हिशेबासाठी २५ न्यूटन प्रति मिलिमीटर. गाडी नुसती उभी असताना ती स्प्रिंग ११८ मिलिमीटर दबलेली असते आणि बॉडी सेकंदाला साधारण १.४५ वेळा डोलू बघते. तिथे ३० टक्के कडक स्प्रिंग टाकली की डोलण्याचा वेग १.६६ होतो. शॉकअप तोच ठेवला तर त्या स्प्रिंगच्या मानाने त्याचा आवर साधारण १२ टक्के कमी पडतो. तुमचा शॉकअप आधीच तेल गाळतोय. म्हणजे जो डोल तुम्हाला घालवायचा आहे तोच वाढणार.

आता यापेक्षा महत्त्वाची गोष्ट, ट्रॅव्हल, म्हणजे चाकाला वरखाली व्हायला असलेली जागा. गाडी उभी असताना बम्प स्टॉपला (हालचाल शेवटी अडवणाऱ्या रबराला) टेकेपर्यंत पुढे ७० मिलिमीटर जागा आहे असं समजा. मूळ स्प्रिंगला ती जागा संपवायला १,७५० न्यूटन जास्तीचा भार लागतो. ३५ मिलिमीटर खाली बसवलीत तर जागा उरली ३५. आता ३० टक्के कडक स्प्रिंग असूनही १,१४० न्यूटनला गाडी बम्प स्टॉपवर. स्प्रिंग कडक केली आणि गाडी लवकर टेकायला लागली! पहिल्याइतकाच भार पेलायचा असेल तर स्प्रिंग दुप्पट कडक हवी. मग डोलण्याचा वेग सेकंदाला दोनच्या वर जातो, आणि तशा गाडीत आईला ठाण्याला नेऊ नये. वळणात बाहेरचा बम्प स्टॉप टेकला की त्या चाकाचा कडकपणा एका क्षणात कितीतरी पट होतो, आणि पकड सुटते ती तिथेच. लोक याला ‘स्पोर्टी कडकपणा’ म्हणतात. तो रबर असतो.

आपल्या रस्त्यांवर ट्रॅव्हल हीच खरी संपत्ती आहे. ती विकून दिसणं विकत घेऊ नका, एवढं माझं कळकळीचं सांगणं.

आणखी एक. पोलोला पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे, म्हणजे शॉकअप आणि स्प्रिंग एकत्र असलेला उभा खांब. गाडी खाली बसवली की चाकाला खालून धरणारे लोअर आर्म उलट्या कोनात जातात आणि रोल सेंटर (वळणात बॉडी ज्या बिंदूभोवती झुकते तो) गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली उतरतं. म्हणजे गाडी खाली आली तरी वळणात झुकायला लावणारा जोर उलट वाढू शकतो. थोडंसं, १५-२० मिलिमीटरपर्यंत, सांभाळून घेता येतं. ३५ ला नाही. आणि युरोपात बनलेल्या स्प्रिंगच्या डब्यावर ‘३० मिलिमीटर’ लिहिलेलं असतं ते तिकडच्या पोलोच्या उंचीवरून. आपली पोलो मुळात उंच ठेवलेली आहे. त्यामुळे इथे ती डब्यावरच्या आकड्यापेक्षा जास्त खाली येते.

आता शॉकअपचं काम. माझं सगळं प्रेम इथेच आहे. शॉकअप ‘कडक’ की ‘मऊ’ हा प्रश्नच अपुरा आहे, विचारायचं ते ‘पिस्टनच्या कुठल्या वेगाला कडक?’ असं. हा वेग गाडीचा नव्हे. तुम्ही स्टिअरिंग वळवता, ब्रेक दाबता, पुलावर गाडी उचलली जाते, तेव्हा पिस्टन अगदी सावकाश सरकतो, सेकंदाला दहा सेंटिमीटरच्या आतबाहेर. खड्ड्याची कड लागते तेव्हा तोच पिस्टन सेकंदाला एक मीटरच्याही पुढे जातो. रिगवर, म्हणजे चाचणीच्या यंत्रावर, आम्ही १०० मिलिमीटर स्ट्रोकने शॉकअप आधी सावकाश आणि मग मिनिटाला १०० फेऱ्यांनी हलवतो. म्हणजे पिस्टनचा कमाल वेग ०.०५ मीटर प्रति सेकंदापासून ०.५२ पर्यंत. प्रत्येक वेगाला दाबताना किती बल आणि ओढताना किती, हे मांडलं की त्या शॉकअपचा स्वभाव समोर दिसतो.

तुम्हाला हवा तो स्वभाव असा: सावकाश वेगाला भक्कम, म्हणजे नाक बुडणार नाही आणि गाडी पुलावर तरंगणार नाही. वेग वाढला की आतल्या पातळ शिम (चकत्या) वाकून तेलाला वाट देणारा, म्हणजे खड्ड्याचा धक्का सीटपर्यंत येणार नाही. स्वस्त कॉइलओव्हर उघडून बघितले तर बऱ्याचदा उलटं सापडतं. सावकाश वेगाला ढिले, खड्ड्याला दगड. दुकानात बोनेट दाबून बघितलं की मस्त वाटतात, एक्सप्रेसवेवर आईला कळतं.

एक्सप्रेसवेचंच बघा. काँक्रीटचे सांधे साधारण ४.५ मीटरवर असतात. शंभरच्या वेगाला सेकंदाला सहा धक्के. माणसाचं शरीर उभ्या कंपनाला सगळ्यात हळवं असतं ते सेकंदाला ४ ते ८ या पट्ट्यात. तुमच्या आईच्या कमरेचा प्रश्न आणि तुमच्या शॉकअपचा प्रश्न इथे एक होतो. रिबाउंड, म्हणजे ताणताना लागणारं बल, अति असेल तर पुढचा सांधा येईपर्यंत चाक पूर्ण खाली आलेलंच नसतं. गाडी प्रत्येक सांध्याला थोडी थोडी खाली बसत जाते आणि उरलेला ट्रॅव्हलही खाऊन टाकते. म्हणून क्लिकवाल्या शॉकअपवर ‘फुल हार्ड’ करून फिरणं थांबवा असं मी सगळ्यांना सांगते.

तर माझं मत: मूळ स्प्रिंग तशाच, मूळ उंची तशीच, आणि शॉकअप एका पायरीने चांगले. एवढ्याने तुमच्या तक्रारीतल्या बहुतेक गोष्टी जातील.

---

घाटवाट

रिगवरच्या ताईंनी वर्मावर बोट ठेवलं. मी रॅलीमध्ये नॅव्हिगेटर म्हणून बसतो. कच्च्या रस्त्यावरच्या रॅलीच्या गाड्या पाहिल्यात? उंच असतात, चाकं भरपूर वरखाली होतात, आणि तरी त्याच सगळ्यात वेगाने जातात. ताम्हिणीचा रस्ता पाऊस संपल्यावर कसा असतो ते तुम्हाला माहीत आहेच. तिथे चाक जमिनीवर टिकलं तरच पकड मिळते.

स्पीडब्रेकरचं थोडं सांगतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे स्पीडब्रेकर १० सेंटिमीटर उंच, ३.७ मीटर रुंद आणि १७ मीटर त्रिज्येचा हवा. पोलोचा व्हीलबेस साधारण २.४७ मीटर. अशा गोल पाठीवर गाडी मधोमध आली की दोन्ही चाकं त्या उंचवट्यावरच असतात आणि मधला भाग चाकांच्या पातळीपेक्षा फक्त साडेचार सेंटिमीटर वर येतो. सोसायटीचा बांध मात्र जेमतेम अर्धा मीटर रुंद, पण उंची तीच १० सेंटिमीटर, म्हणजे पूर्ण १० सेंटिमीटर थेट पोटाखाली. ग्राउंड क्लिअरन्स रिकाम्या गाडीचा १६५ मिलिमीटरच्या आसपास. चार माणसं बसली की त्यातले ३०-४० मिलिमीटर तिथेच जातात. आणखी ३५ वजा करा आणि स्वतःच ठरवा.

१७ इंची अलॉय नकोत. १९५/५५ आर१६ ची भिंत १०७ मिलिमीटर आहे, २०५/४५ आर१७ ची ९२. खड्ड्याचा पहिला घाव टायरच झेलतो, तिथेच १५ मिलिमीटर कशाला द्यायचे? शिवाय रिम जड झाली की शॉकअपचं काम वाढतं. त्या पैशात १६ लाच चांगले टायर घ्या आणि हवा दर पंधरा दिवसांनी थंड टायरवर तपासा.

विमा कंपनीला बदल लेखी कळवा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणीतल्या तपशिलांशी विसंगत बदलांना मनाई करतं. मूळ मापाचे शॉकअप टाकले तर त्यात वाद नाही, पण उंची बदलणाऱ्या किटवरून दाव्याच्या वेळी घासाघीस होऊ शकते.

---

वाकड_ते_चाकण

सगळ्यांचे आभार. ताई, तुमचा बम्प स्टॉपचा हिशेब मी कागदावर पुन्हा मांडला आणि मित्रालाही दाखवला. त्याने स्वतःच्या ऑर्डरचा फोन लगेच थांबवला.

१७ इंची बाद. मूळ स्प्रिंग ठेवतो. आता प्रश्न उरला शॉकअपचा. बिलस्टाइनचे बी४, बी६, बी८ अशी नावं ऐकतोय, आणि कोनीचे लाल आणि पिवळे. यातला माझ्यासाठी कोणता? आणि मागचे दोन अजून कोरडे आहेत, ते आत्ताच बदलू का?

---

रिगवरची

मागचेही बदला. एक्सलवर दोन्ही एकदम बदलायचे हा तर नियमच आहे, पण पुढे नवे आणि मागे ८० हजाराचे ठेवले तर गाडीचं पुढचं-मागचं तालात राहत नाही. वळणातल्या खड्ड्यावर मागचं चाक उडी मारतं म्हणालात ना, ते मागच्याच शॉकअपचं लक्षण आहे. तेल गळलं नाही म्हणजे शॉकअप जिवंत आहे असं नसतं. आतल्या व्हॉल्व्हची आणि तेलाची झीज बाहेरून दिसत नाही.

आता नावं. बी८ बाजूला ठेवा. तो खाली बसवलेल्या गाडीसाठी आखूड केलेला असतो. मूळ उंचीच्या स्प्रिंगबरोबर लावला तर चाक खाली उतरायला जागा कमी मिळते आणि खड्ड्यात चाक लटकतं. बी१२ म्हणजे तोच बी८ आणि सोबत आयबाख कंपनीच्या स्प्रिंग. तोही तुमच्यासाठी नाही. बी४ म्हणजे मूळच्या जवळ जाणारा. तुमच्या गॅरेजवाल्याचा सल्ला याच जातीचा आहे, आणि तो वाईट मुळीच नाही. रीमॅप नसता आणि ताम्हिणी नसता तर मी तोच दिला असता.

बी६ हा मूळ उंचीसाठीचा पण जास्त आवर असलेला, मोनोट्यूब, म्हणजे एकाच नळीचा. तेल आणि नायट्रोजन यांच्यामध्ये तरंगता पिस्टन असल्यामुळे तेलात फेस होत नाही, आणि एकाच नळीची भिंत थेट हवेत असल्याने उष्णता लवकर जाते. लांब घाट उतरताना शेवटच्या वळणालाही तो पहिल्या वळणासारखाच वागतो. त्याची दुसरी बाजू अशी की आतला दाब जास्त, त्यामुळे सील दांड्याला घट्ट धरून असतं आणि अगदी बारीक खडबडीवर गाडी किंचित ताठ वाटते. गॅसच्या दाबाने गाडी काही मिलिमीटर वरही बसते.

कोनीचे पिवळे म्हणजे स्पोर्ट. त्यांचं रिबाउंड हाताने बदलता येतं. त्यांची खरी गंमत कडक स्प्रिंगबरोबर. लाल म्हणजे स्पेशल ॲक्टिव्ह. आत एक जादा व्हॉल्व्ह असतो, वीज नाही, सेन्सर नाही. हालचाल सावकाश आणि लांब असेल, म्हणजे झुकणं, बुडणं, पुलावरचा डोल, तर तो व्हॉल्व्ह बंद होत जातो आणि आवर वाढतो. हालचाल झटपट असेल, म्हणजे काँक्रीटचे सांधे, खडबडीत डांबर, तर बंद व्हायला त्याला वेळच मिळत नाही आणि तेलाला जादा वाट मोकळी राहते.

तुमच्या गाडीत आई बसते, आणि घाट महिन्यातून काही तासांचा. मी लाल कोनी घेईन. एकट्याने चालवत असता आणि दर आठवड्याला घाट असता तर बी६. पार्ट नंबर गाडीच्या चासी नंबरवरून पडताळून घ्या. परदेशी कॅटलॉगमध्ये ‘पोलो’ एवढ्यावर विसंबू नका. स्ट्रटचा व्यास आणि लांबी जुन्या शॉकअपशी ताडून पाहिल्याशिवाय डबा उघडू देऊ नका.

सोबत नवं काय घ्यायचं: वरचे स्ट्रट माउंट आणि त्यांचे बेअरिंग, बम्प स्टॉप, धूळ अडवणारे बूट, लिंक रॉड. लोअर आर्मचे बुश (सांध्यातली रबरं) तडकले असतील तर तेही. नवा शॉकअप जुन्या माउंटवर बसवला की महिन्याभरात ‘खटखट येते’ म्हणून तुम्ही इथेच परत लिहाल. एकदाच वापरायचे नट-बोल्टही नवे.

फिटिंगच्या वेळी स्वतः उभे राहा. वरचा नट फिरवताना दांडा आतून ॲलन कीने धरायचा. इम्पॅक्ट गन लावून दांडा गरगरा फिरवला तर सील पहिल्याच दिवशी दुखावतं, आणि चकचकीत दांड्याला पकड लावून धरणाऱ्या मेकॅनिकला तिथेच थांबवा. लोअर आर्मचे आणि मागच्या शॉकअपचे बुशमधून जाणारे बोल्ट गाडी लिफ्टवर लटकलेली असताना शेवटपर्यंत आवळू देऊ नका. गाडीचं वजन चाकांवर आलं की मग टॉर्क रेंचने. लटकत्या अवस्थेत आवळलं तर बुश कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

काम सुरू करायच्या आधी चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत चारही बाजूंची मापं लिहून ठेवा. नंतर पुन्हा मोजा. डाव्या-उजव्यात सेंटिमीटरभर फरक दिसला तर एखादी स्प्रिंग बसलीय किंवा तिच्या खोबणीत नीट बसलेली नाही.

---

सांगलीकर

आणि अलाइनमेंट लगेच करूच नका. आठवडाभर रोजच्या रस्त्याने चालवा, माउंट आणि बुश जागेवर बसू द्या, मग करा. अलाइनमेंटवाल्याकडून आधीचे आणि नंतरचे आकडे छापून घ्या, टो आणि कॅम्बर (वरून आणि समोरून पाहिल्यावर दिसणारे चाकांचे कोन) दोन्हीचे. हेडलाइटची उंचीही त्याच दिवशी बघून घ्या.

---

वाकड_ते_चाकण

लाल कोनीची चौकशी सुरू केलीय, चासी नंबर पाठवलाय. माउंट आणि लिंक रॉड इथेच मिळतील. ताई, एक राहिलं: मागच्या बीमचे (मागची दोन्ही चाकं जोडणाऱ्या आडव्या दांड्याचे) बुश याच वेळी बघून घेऊ का? गॅरेजवाला म्हणतो बीम खाली उतरवावा लागेल.

---

रिगवरची

आधी बघा, मग उतरवा. मागचं चाक वर घेऊन बुशच्या रबरात पहार हलकी टेकवून सरकवून पाहायला सांगा. रबर धातूपासून सुटलेलं दिसलं किंवा आरपार चीर असेल तर उतरवा. वरवरच्या बारीक रेघा असतील तर ते काम पुढच्या टायर बदलापर्यंत थांबू शकतं.